पॅडी की एसएसआय? आधी फॉर्मवर 'हो' लिहा

पत्र थोडक्यात: कोल्हापूरहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. वय ४७, बँकेत नोकरी. गेल्या मे महिन्यात घरच्यांबरोबर मालवणला गेल्या असताना दांडीच्या किनाऱ्यावरून त्यांनी 'स्कुबा' केलं. पाण्याखाली जेमतेम वीस मिनिटं होत्या, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. पुण्यात शिकणारी १९ वर्षांची लेक डिसेंबरात मैत्रिणींबरोबर अंदमानला जाऊन एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा कोर्स करणार आहे. यांनाही जायचं आहे, "तिची बडी व्हायचंय", म्हणजे पाण्याखालची जोडीदार, असं त्यांनी लिहिलं आहे. लेक म्हणते, आई, तू बोटीवर बस आणि फोटो काढ. मालवणातले एक ओळखीचे व्यावसायिक 'दीड दिवसात पॅडीचं कार्ड' (पॅडी ही तशीच दुसरी संस्था, कार्ड म्हणजे तिचं प्रमाणपत्र) द्यायला तयार आहेत, तेही निम्म्या पैशांत. फ्रान्समध्ये राहणारे दीर सांगतात, खरं काय ते सीमास, बाकी सगळा धंदा. यजमानांचं म्हणणं, एका कार्डापायी तीस-पस्तीस हजार कशाला? पत्राच्या तळाशी ता. क. आहे: रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण कोर्सच्या वैद्यकीय फॉर्मबद्दल त्या व्यावसायिकांनी 'फॉर्मवर सगळीकडे नाही लिहा, काही होत नाही' असं सांगितलंय. प्रश्न एकच: "ताई, पॅडी घेऊ की एसएसआय? जगात कुठलं चालतं ते एकदा सांगून टाका."

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे मग निवांत बोलता येईल. दोन्ही चालतात. ओपन वॉटर डायव्हरचं कार्ड पॅडीचं असो की एसएसआयचं, अंदमान, मालदीव, थायलंड, इजिप्त, कुठल्याही डाइव्ह सेंटरवर ते पुढे केलंत तर कुणी नाक मुरडणार नाही. कारण दोघांचा हा पहिला कोर्स एकाच आंतरराष्ट्रीय मानकाला धरून आहे, आयएसओ २४८०१ चा दुसरा भाग. शिक्षकाशिवाय, एका जोडीदाराबरोबर पाण्यात उतरणाऱ्या माणसाला काय काय आलं पाहिजे, ते त्यात ठरवून दिलेलं आहे. म्हणून दोन्हीकडचा अभ्यासही जवळजवळ सारखाच. लेखी भाग, तलावात किंवा शांत उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर पोहून दाखवायचं, किंवा मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पायात घालायची वल्ही) घालून ३०० मीटर. दहा मिनिटं कशालाही न धरता तरंगायचं. कार्ड मिळाल्यावर खोलीची मर्यादा १८ मीटर.

तुमच्या दिरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सीमास ही १९५९ मध्ये मोनॅकोत स्थापन झालेली संघटना, झाक कुस्तो तिचे पहिले अध्यक्ष. निरनिराळ्या देशांचे महासंघ आणि त्यांचे क्लब तिच्याखाली येतात. तिची श्रेणी ताऱ्यांवर चालते, एका ताऱ्याच्या डायव्हरला २० मीटरपर्यंत जाता येतं. फ्रान्समध्ये क्लबांची परंपरा भक्कम आहे. तिथे माणूस हिवाळाभर आठवड्यातून एकदा तलावात जातो, जुने सभासद नव्यांना शिकवतात, आणि उन्हाळ्यात समुद्र. असं शिकायला मिळालं तर मुरतं, यात शंका नाही. पण ती गोडी आठवड्यामागून आठवडे पाण्यात जाण्याची आहे, कार्डावरच्या ताऱ्याची नव्हे. आणि तुम्ही कोल्हापुरात आहात. आपल्याकडच्या बहुतेक सेंटरांवर पॅडी किंवा एसएसआयच शिकवतात, त्यामुळे सीमासचा विचार दिरांकडे मार्सेयला राहायला जाल तेव्हा करा.

पॅडी आणि एसएसआय यांच्यात फरक मुळीच नाहीत असं नाही. पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची, दोन्ही अमेरिकेत जन्मलेल्या. एसएसआयचा इन्स्ट्रक्टर कुठल्या तरी मान्यताप्राप्त सेंटरशी जोडलेला असावाच लागतो. पॅडीचा इन्स्ट्रक्टर एकट्याने, स्वतःच्या नावावरही शिकवू शकतो. म्हणजे एसएसआयमध्ये माणसामागे एक दुकान उभं असतं, पॅडीत कधी असतं, कधी नसतं. एकटा शिकवणारा वाईट असं मी म्हणत नाही. मला भेटलेल्या उत्तम शिक्षकांपैकी दोघं एकटेच शिकवत. पण तिथे चौकशी तुम्हालाच जास्त करावी लागते.

दुसरा फरक पुढच्या पायरीचा, आणि त्यात पुष्कळ जण गोंधळतात. पॅडीचा 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर' हा पाच डाइव्हचा कोर्स आहे. ओपन वॉटर संपल्या संपल्या तो करता येतो. चार अधिक पाच, नऊ डाइव्हमध्ये माणूस 'ॲडव्हान्स्ड' होतो आणि ३० मीटरपर्यंत जायला मोकळा. एसएसआयमध्ये असा पाच डाइव्हचा कोर्स आहे, पण त्याचं नाव 'ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर'. तिथला 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर' व्हायला चार वेगवेगळ्या विषयांचे कोर्स आणि नोंदवलेल्या २४ डाइव्ह लागतात. शब्द तोच, वजन वेगळं. तुमची लेक उद्या म्हणाली की मैत्रीण ॲडव्हान्स्ड झाली आणि मी मागे राहिले, तर तिला हे सांगा. नऊ डाइव्हनंतर तीस मीटरवर जाण्याची घाई मला पटत नाही. तिथे दाब जमिनीच्या चौपट असतो, सिलिंडरमधली हवा भराभर संपते आणि नायट्रोजनमुळे डोकं जड होऊ लागतं. नियमात बसतं, तरी थांबावं असं माझं मत आहे.

इथवर तुलना. आता मला जे मनापासून वाटतं ते.

कार्डावरचं नाव बघण्यात तुम्ही जेवढा वेळ घालवलात त्याचा दहावा हिस्साही शिकवणाऱ्या माणसाचं नाव विचारण्यात घातलेला नाही. पत्रात पॅडी आठ वेळा आलं आहे, एसएसआय सहा वेळा. अंदमानात लेकीला कोण शिकवणार, मालवणात तुम्हाला कोण शिकवणार, हे एकदाही नाही. आपल्याला बोर्डाची सवय आहे. एसएससी की सीबीएसई, यावर आपण महिनोन्‌महिने खल करतो आणि वर्गात कोण उभं राहणार ते जूनमध्ये कळतं. पाण्याखाली ही सवय महागात पडते. याचं कारण सांगायला मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

सोळा वर्षांपूर्वी मी माझं कार्ड घेतलं. नामांकित संस्थेचं, सगळं रीतसर. आम्ही आठ जण आणि एक शिक्षक. समुद्रात एका शिक्षकामागे आठ विद्यार्थी ही कमाल मर्यादा, त्यामुळे नियमाला धरूनच होतं. एक सराव असतो: पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, परत घालायचा, आणि नाकातून जोरात हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं. माझी पाळी आली तेव्हा नाकात पाणी गेलं, मी नाक दाबून धरलं, डोळे मिटून कसाबसा मास्क चढवला. पाणी आतच होतं. शिक्षकांनी बघितलं, हाताने 'ठीक' अशी खूण केली आणि पुढच्याकडे वळले. मागे सहा जण गुडघ्यावर थांबले होते, बोटीची वेळ झाली होती. मला आलं नव्हतं हे त्यांना दिसलं होतं आणि मलाही माहीत होतं. मी बोलले नाही. कार्ड मिळालं, मी पेढे वाटले.

आठ महिन्यांनी दुसऱ्या समुद्रात, १४ मीटरवर, पुढच्या माणसाच्या फिनचा फटका माझ्या मास्कला लागला. तो निखळला नाही, पण पाण्याने भरला. मला एवढंच सुचलं की वर जायचं, आत्ता. श्वास रोखून मी पाय मारायला लागले. माझ्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी माझ्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरला आणि स्वतःच्या छातीवर हात आपटून 'श्वास सोड, श्वास सोड' अशी खूण करत राहिल्या. तो पट्टा सुटला असता तर काय झालं असतं, ते मला नंतर नीट कळलं. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते. माणूस श्वास सोडत वर आला तर ती निघून जाते, रोखून आला तर फुप्फुस फाटू शकतं. त्याला फार खोली लागत नाही, भरल्या छातीने दीड-दोन मीटर वर आलं तरी पुरे. म्हणून 'श्वास कधीही रोखायचा नाही' हा या खेळातला पहिला नियम. मला तो पाठ होता. परीक्षेत त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते.

त्या दिवशी कुणी मला अजून चार वेळा मास्क काढायला लावला असता तर माझा हात आपोआप चालला असता. तेवढंच कमी पडलं, आणि ते कार्डावर कुठेच दिसत नाही.

आता मालवणच्या 'दीड दिवसा'कडे येऊ. हिशेब तुम्ही बँकेतल्या, तुम्हीच करा. समुद्रातल्या चार डाइव्ह, आणि पॅडीच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याला एका दिवसात तीनपेक्षा जास्त द्यायच्या नाहीत. म्हणजे नुसत्या समुद्रालाच दोन दिवस लागले. तलावातला सराव वेगळा, तो पाच टप्प्यांत. लेखी अभ्यास घरून केला तरी त्याची उजळणी आणि परीक्षा. तीन दिवसांत होतं, चार दिवसांत बरं होतं. दीड दिवसात कार्ड देणारा माणूस काहीतरी गाळणार, आणि मी सोळा वर्षांपूर्वी गाळलेल्याचा अनुभव घेतला आहे. निम्मे पैसे कुठून वाचले तेही यातच आलं. कार्डाची आणि पुस्तकाची रक्कम संस्थेला द्यावी लागते, बोटीला डिझेल लागतंच. कापता येतो तो शिक्षकाचा वेळ.

यात मी मालवणला नावं ठेवते आहे असं समजू नका. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे स्वतःचा सराव तलावही आहे. किनाऱ्यावरच्या कितीतरी पोरांनी लहानपणापासून समुद्र पाहिलेला आहे, पाण्याची चाल त्यांना आपल्यापेक्षा हजारपट कळते. पण तुम्ही मे महिन्यात जे केलंत आणि आता जे करायला निघालात, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा एक जण तुमच्या मागे सिलिंडर धरून होता. जॅकेटात हवा किती भरायची, किती सोडायची, किती खोल जायचं, कधी वर यायचं, हे सगळं तो करत होता. तुमचं काम फक्त श्वास घेण्याचं होतं. ते तुम्ही न घाबरता केलंत, ही चांगलीच सुरुवात आहे. पण 'स्कुबा तर येतंच, फक्त कार्ड राहिलंय' असं जे तुमच्या पत्रात एके ठिकाणी आलंय, ते मनातून काढा. त्या वीस मिनिटांत दुसऱ्याने जे केलं ते सगळं स्वतः करायला शिकणं, म्हणजे हा कोर्स.

आणि आता ता. क. सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही तळाला, बारीक अक्षरात लिहिलं आहे. मला ते वाचून काळजी वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो वैद्यकीय फॉर्म पॅडी, एसएसआय दोन्हीकडे सारखाच आहे, २०२० पासून त्याचं नवं रूप चालू आहे. पहिल्या पानावर दहा प्रश्न. तुमचं वय ४५ च्या पुढे आहे का, हा त्यातला एक. 'हो' लिहिलं की पुढचा चौकोन उघडतो: धूम्रपान करता का, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे का, रक्तदाब आहे का, जवळच्या नात्यात कुणाला लवकर हृदयविकार झाला होता का. त्यातल्या एकालाही 'हो' आलं की डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते. शिवाय शेवटी आणखी एक प्रश्न, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं चालू आहेत का. म्हणजे तुमच्या बाबतीत दोन ठिकाणी 'हो' येणार आणि डॉक्टरांकडे जावं लागणार. एवढंच. 'हो' लिहिलं म्हणजे दार बंद, असं तुम्ही गृहीत धरलंत आणि त्या गृहस्थांनी तुमच्या त्या भीतीवर बोट ठेवलं. आटोक्यात असलेला रक्तदाब घेऊन डाइव्ह करणारी माणसं पुष्कळ आहेत, डॉक्टरांनी पाहून परवानगी दिलेली.

मग विचारायचं कशाला? कारण पाण्यात उतरलं की शरीरात एक बदल होतो जो जमिनीवर होत नाही. पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. काही जणांच्या फुप्फुसात अशा वेळी पाणी साठायला लागतं, आणि वाढलेला रक्तदाब हे त्यामागचं एक माहीत असलेलं कारण आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर प्रकारातल्या, श्रमाच्या वेळी हृदयाला हवं तेवढं वेगाने धावू देत नाहीत. प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं तर ते जाणवतं. तुमची गोळी कुठली, तिचा डोस किती, रक्तदाब खरंच आटोक्यात आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे. बोटीवरच्या माणसाला नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, 'चार दिवस नाही घेतली तर फॉर्म कोरा राहील' असा विचार करणारेही मी पाहिले आहेत.

कोल्हापुरातल्या तुमच्या डॉक्टरांनी कदाचित एकाही डायव्हरची तपासणी केली नसेल. म्हणून तो फॉर्म छापून सोबत न्या. त्याचं शेवटचं पान डॉक्टरांसाठीच आहे. रक्तदाबाची वही आणि गोळीची पट्टी न्या. फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न आहे त्याचं उत्तर आधी घरीच शोधून ठेवा: एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर १४ मिनिटांत चालता येतं का, किंवा २०० मीटर न थांबता पोहता येतं का. रंकाळ्यावर सकाळी घड्याळ लावून चालून बघा. जमत नसेल तर डिसेंबर सोडा, सहा महिने तयारी करा. समुद्र जागचा हलत नाही.

आणि 'नाही लिहा' असं सांगणाऱ्या माणसाबद्दल एक. तो तुमच्या ओळखीचा असेल, स्वभावाने चांगलाही असेल. पण पाण्याखाली काही झालं तर पहिला निर्णय तोच घेणार, आणि तुम्हाला काय आजार आहे हे माहीत असूनही त्याने ते कागदावरून पुसायला सांगितलं. खोट्या फॉर्मवर विमा कंपनीही हात वर करू शकते. त्याच्याकडे कोर्स करू नका, इतकं मी स्पष्ट सांगते.

लेकीबद्दल. "तिची बडी व्हायचंय" हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमचा खरा प्रश्न पॅडी-एसएसआयचा नसून हा आहे असं मला वाटलं, चूक असेन तर सांगा. ती आता पुण्यात राहते, सुट्टीला येते आणि मैत्रिणींत रमते. पाण्याखालच्या त्या वीस मिनिटांत तुम्हाला काहीतरी स्वतःचं सापडलं आणि ते तिच्याबरोबर वाटून घ्यावंसं वाटलं. यात लाजण्यासारखं काही नाही.

पण बडी म्हणजे नुसती सोबत नाही. उतरण्याआधी एकमेकींचे पट्टे, हवा, रेग्युलेटर (तोंडात धरायचं श्वासाचं साधन) तपासायचे. पाण्याखाली सतत नजरेच्या टप्प्यात राहायचं. एकीची हवा संपली तर दुसरीने आपला जादाचा रेग्युलेटर तिला द्यायचा. आई-मुलीच्या जोडीत एक अडचण मी स्वतः पाहिली आहे. आईची नजर लेकीवर खिळलेली असते. ती ठीक आहे ना, तिची हवा किती, ती फार लांब गेली का. स्वतःची हवा दाखवणाऱ्या गेजकडे बघायचं राहून जातं, आणि नवख्या, जरा धास्तावलेल्या माणसाची हवा तर दुप्पट वेगाने संपते. उलट लेकीला आईमुळे आपली डाइव्ह लवकर संपते याचं वाईट वाटतं आणि ते बोलता येत नाही. शिकताना तर हे फारच नडतं. लेक एका झटक्यात मास्क काढून घालते, आपल्याला जमत नाही, मग आपण तिच्यासमोर 'झालं झालं' म्हणतो.

म्हणून माझा सल्ला, कोर्स एकत्र करू नका. एकाच गावात करा हवं तर, पण वेगळ्या तुकडीत, वेगळ्या जोडीदाराबरोबर. दोघींचं कार्ड झालं की मग एक दिवस दोघी मिळून, पण स्थानिक गाइड सोबत घेऊन उतरा. कार्ड असलं तरी दोन नवख्या जणी एकट्या नको. आणि या डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर जाते आहे तर तिला जाऊ द्या. बोटीवर बसून फोटो काढायला तुम्हीही जाऊ नका, दोघींचा विरस होईल.

तुमच्यासाठी मला जो मार्ग सोयीचा दिसतो तो असा. पुण्यात आणि मुंबईत अशी सेंटरं आहेत जी लेखी भाग आणि तलावातला सराव तिथेच करून देतात आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तुम्ही दुसरीकडे करू शकता. याला रेफरल म्हणतात. पॅडीत तलावातल्या सरावाची नोंद वर्षभर चालते. शनिवार-रविवारी पुण्याला जा, लेकीकडे राहा, तलावात घाई न करता मास्क काढा-घाला. हे अंदमानच्या चार दिवसांत उरकण्यापेक्षा कितीतरी चांगलं. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र. तो अंदमानचाही असू शकतो आणि आपल्या किनाऱ्याचाही. अंदमानात पाणी सहसा जास्त नितळ, शिकायला सोपं. मालवणला कधी दहा मीटरवरचं दिसतं तर कधी हाताच्या अंतरापलीकडे गढूळ. तिथे शिकलेल्याला पुढे कुठेही कमी अडतं, पण घाबरणाऱ्याला पहिल्यांदा नितळ पाणीच बरं. तुम्ही कशात मोडता ते तुम्हालाच माहीत.

फोन करताना पॅडी की एसएसआय हे शेवटी विचारा. आधी विचारा, मला शिकवणार कोण, आणि त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का. त्यांचं नाव आणि क्रमांक घ्या. ते सध्या शिकवायला पात्र आहेत की नाही, हे त्या-त्या संस्थेच्या नोंदीत तपासता येतं. तुकडीत किती जण असतील? चारच्या आत असतील तर उत्तम. एखादा सराव मला जमला नाही तर जादा वेळ देता का, आणि त्याचे पैसे किती? या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका, माणूस त्यात कळतो. 'सगळ्यांना जमतं हो मॅडम' म्हणणारा मला नको वाटतो. बोटीवर ऑक्सिजन असतो का? शिक्षक मराठी किंवा हिंदीत समजावतात का? घाबरल्यावर आपल्याला परकी भाषा ऐकू येत नाही, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

यजमानांना सांगा, तीस-पस्तीस हजार कार्डाचे नाहीत. बोट, सिलिंडर, भाड्याचं सामान, अभ्यासाचं साहित्य आणि एका माणसाचे चार दिवस, असे मिळून ते होतात. त्यातलं काय धरलं आहे, काय वेगळं द्यावं लागेल, हे लेखी मागा. कार्डाला मुदत नसते हे खरं, पण दोन वर्षं पाण्यात गेला नाहीत तर हात विसरतो, पुन्हा उजळणीचा छोटा कोर्स करावा लागतो. तेव्हा वर्षातून निदान एकदा जायचं ठरत असेल तरच हा खर्च करा. तेवढं जमणार नसेल, तर 'स्कुबा डायव्हर' नावाची अर्धी पायरी दोन्ही संस्थांत आहे. समुद्रात दोनच डाइव्ह, १२ मीटरची मर्यादा आणि सोबत कायम प्रशिक्षित माणूस. पुढे हवं तेव्हा त्यातूनच पूर्ण कोर्स करता येतो. तुमच्या वयाच्या, वर्षा-दोन वर्षांतून एकदा समुद्रावर जाणाऱ्या माणसाला ती मुळीच कमीपणाची नाही.

आणि परतीचा प्रवास आधी ठरवा. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन उरलेला असतो, लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे की एक डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, आणि रोज किंवा अनेक डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये. विमानाचं सगळ्यांना ठाऊक असतं, घाटाचं कुणी सांगत नाही. हा हिशेब साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो, आणि मालवणहून कोल्हापूरला येताना आंबोलीतून आलात तर तुम्ही तासा-दोन तासांत ७०० मीटरच्या आसपास चढता. दुपारी शेवटची डाइव्ह, संध्याकाळी गाडी काढून रात्री घरी, असं करू नका. ती रात्र मालवणातच काढा, सोलकढी प्या, डाइव्हची वही लिहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघा.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला नक्की कळवा. आणि लेकीला हे पत्र वाचायला द्या, फॉर्म तिलाही भरायचा आहे.

तुमची,
ताई